‘पोट्टं बिघडलं’ म्हणण्याआधी

आमच्या शाळेच्या फाटकापासून पानठेला किती लांब आहे, हे मी एकदा पावलांनी मोजलं. एकशेचाळीस पावलं भरली. कायदा म्हणतो, शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत. माझी पावलं आखूड, त्यामुळे ठेला कायद्याच्या आत आहे की बाहेर, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. अठरा वर्षांखालच्या पोराला तंबाखू देणं हाही गुन्हाच; २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तिथं पावलं मोजावी लागत नाहीत, आणि विक्री तरी चालूच आहे.

त्या दिवशी मधल्या सुटीत नववीतला एक पोरगा तिथं उभा दिसला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, घेऊन चांगला घोटला की खर्रा होतो. पोरानं पन्नी घेतली, तळहातावर चोळली, गाठ सोडली, आणि पहिली चिमूट स्वतः न घेता बाकड्यावर बसलेल्या दोन मोठ्या पोट्ट्यांपुढे धरली. त्यांनी घेतली, मग यानं. एकजण थोडा सरकला. हा त्या रिकाम्या जागेत बसला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एकटा सापडला तेव्हा विचारलं, "चव आवडते का रे?"

"नाही जी सर. पयले पयले तर चक्करच येत होती."

"मंग काहून खातं?"

तो बराच वेळ परीक्षानळी पुसत राहिला. "त्याईच्यात बसाले भेटते ना सर."

या उत्तरापासून माझी विचारायची पद्धत बदलली. पोरगं काही वावगं करताना दिसलं की आपण ‘हे असं का वागतं’ असं विचारतो, आणि ‘संगत वाईट’, ‘लाड झाले’, ‘मोबाईल’ अशी तयार उत्तरं देऊन मोकळे होतो. मी आता विचारतो, या वागण्याचा त्याला उपयोग काय होतो? खर्रा त्याला बाकड्यावर जागा मिळवून देत होता. ही जागा त्याला घरात आणि वर्गात का मिळाली नाही, हा पुढचा प्रश्न. तो विचारला की मानसशास्त्रातल्या अवघड वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी उलगडायला लागतात.

बोंडअळी आणि जोखीम

‘जोखीम घटक’ हा शब्द समजायला आपल्या भागात पुस्तक लागत नाही, २०१७ चा खरीप आठवला तरी पुरे. गुलाबी बोंडअळीनं त्या वर्षी उभी कपाशी खाल्ली. दोष कोणाचा, यावर पारावर कितीतरी दिवस भांडणं झाली. कोणी बियाण्याला शिव्या दिल्या, कोणी हवामानाला. खरं म्हणजे बऱ्याच गोष्टी एकावर एक चढल्या होत्या. बीटी वाणाला अळी सरावली होती. अळीचा हा सराव लांबावा म्हणून कडेनं बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या असतात, त्या फार थोड्यांनी लावल्या होत्या. चार बोंडं जास्तीची मिळावीत म्हणून पऱ्हाटी उन्हाळा लागेपर्यंत उभी ठेवून फरदड घेतली जात होती, त्यामुळे अळीच्या खाण्याला खंडच पडत नव्हता. तरी फरदड घेणाऱ्या प्रत्येकाचं शेत गेलं नाही, आणि न घेणाऱ्या काहींचं गेलं.

पोरांचं असंच असतं. बाप पितो म्हणून पोरगा पिणारच, असं नाही. दहावीत नापास झालेला प्रत्येकजण जिवावर उदार होत नाही. जोखीम म्हणजे शक्यता वाढवणारी गोष्ट. एखादी असली तर बहुतेक पोरं निभावून नेतात. साचत गेल्या की पोरगं वाकायला लागतं.

या साचण्याचा सगळ्यात गाजलेला पुरावा अमेरिकेतला आहे. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या दोन डॉक्टरांनी सॅन दिएगोत हजारो प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं: घरात मारहाण व्हायची का, आईला कोणी मारायचं का, कोणी नशा करायचं का, कोणी मनोरुग्ण होतं का, कोणी तुरुंगात गेलं होतं का, लैंगिक अत्याचार झाला होता का. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष आले; पुढे एकूण माणसं १७ हजारांवर गेली. यातलं काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार किंवा जास्त गोष्टी भोगलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण चार ते बारा पट आढळलं. ही गरीब वस्तीतली माणसं नव्हती. आरोग्य विमा असलेली, बऱ्यापैकी शिकलेली होती. म्हणजे हा केवळ गरिबीचा खेळ नाही. मात्र हा हिशेब हजारो माणसांच्या जमावाचा आहे. त्यावरून समोरच्या एका पोराचं भविष्य सांगायला जाऊ नये. पाऊस सरासरी गाठतो, पण आपल्या वावरात पडेलच असं नाही, तसं.

गोऱ्हा आणि वेसण

आता मेंदूचं. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांना किशोरवय म्हणते. या वयात मेंदूतला मजा, थरार, कौतुक आणि राग यांना झट्‌दिशी प्रतिसाद देणारा भाग जोरात आलेला असतो. थांब, पुढचा विचार कर, असं सांगणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला मात्र विशीचा मध्य उजाडतो. गोऱ्हा अंगानं भरला, गाडीला जुंपला, पण वेसण अजून बसायची आहे, अशी ही सात-आठ वर्षं.

याचा अर्थ पोरांना कळत नाही, असा मुळीच नाही. फळ्यावर तोंडाच्या कर्करोगाचं चित्र मी स्वतः किती वेळा काढलं असेल! नववीतल्या कोणालाही विचारा, खर्ऱ्याचे तोटे तो माझ्यापेक्षा चांगले सांगेल. पण तोटे आठवण्याच्या वेळी तो एकटा नसतो.

याचा एक सुरेख प्रयोग आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा होतो, थांबायचं की रेटायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. १३ ते १६ वयाची पोरं एकटी असताना मोठ्या माणसांइतपतच सांभाळून खेळली. ज्यांच्या बाजूला मित्र उभे केले, ती त्याच वयाची पोरं दुपटीच्या आसपास धोके घ्यायला लागली. २४ वर्षांपुढच्यांना मित्र असले-नसले तरी फरक पडला नाही.

आमच्याकडे तिघं एका दुचाकीवर बसून, हात सोडून, तालुक्याच्या रस्त्यानं जातात तेव्हा मला हा प्रयोग आठवतो. त्यातल्या कोणालाही एकट्याला तसं जायला सांगा, सुतासारखा सरळ जाईल. पालक म्हणतात, "त्याची संगत तोडा, सर." संगत तोडून चालत नाही, या वयात सोबत्यांची गरज भुकेइतकी खरी असते. दुसरी पंगत मिळाली तरच पहिली सुटते. कबड्डीचा संघ असेल, भजनी मंडळ असेल, गणपतीतलं ढोलपथक असेल, काहीही चालेल. ज्या गावात संध्याकाळी पाच ते आठ पोरांना बसायला पानठेल्याखेरीज जागाच नाही, तिथं ठेलेवाल्याला एकट्याला दोष देऊन काय उपयोग?

घराचं छप्पर

विदर्भातल्या घराबद्दल लिहिताना हात जड होतो. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग इथं येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून ‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्द आमच्या जिल्ह्यांच्या नावाला चिकटला तो सुटलाच नाही. त्यात किती शेतकरी गेले, हे मोजलं जातं. मागे राहिलेल्या पोरांकडे पाहायला कोणाला फार सवड झाली नाही.

बाप गेल्यावर घरी तलाठी येतो, मंडळ अधिकारी येतो, पंचनामा होतो. सातबारा, कर्जाचे कागद, नापिकीचा दाखला. मग जिल्ह्याच्या समितीत प्रकरण जातं आणि ते ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत. शासनाला निकष लागतात, ते मान्य. पण चौदा वर्षांच्या पोराच्या कानानं हा शब्द ऐका. वर्गात एकदा दोन पोरांचं भांडण लागलं आणि एकानं दुसऱ्याला म्हटलं, "तुहा बाप तं अपात्र झाला बे." ज्याला म्हटलं त्यानं बेंच उचलून मारला. शाळेच्या नोंदीत ते ‘हिंसक वर्तन’ म्हणून गेलं. खाली सही माझी आहे.

घरात आत्महत्या झालेली असणं ही पोरासाठी स्वतंत्र जोखीम आहे. दुःख असतंच, शिवाय लाज असते, ‘आपल्यामुळं तर नाही ना’ असा अपराधभाव असतो, आणि संकटातून सुटायची ती एक वाट घरात घडलेली, म्हणून ओळखीची झालेली असते. मोठा पोरगा असेल तर त्या दिवसापासून तो घरचा कर्ता. "आता तुलेच पाहा लागते बापू," असं बाराव्याला आलेला प्रत्येक पाहुणा सांगून जातो. त्या पोरानं रडायचं कधी, हे कोणी सांगत नाही. मग रडू रागाच्या रूपानं बाहेर येतं, कारण पोरानं रागावलेलं चालतं, रडलेलं चालत नाही.

जिथं असं काही घडलेलं नाही त्या घरांतही कर्ज पोरांना कळतं, न सांगता. सोयाबीनचा भाव पडला की बापाचं बोलणं कमी होतं, आईचा आवाज चढतो. वर्धा आणि गडचिरोलीत कागदावर दारूबंदी आहे; बाकीकडे तीही नाही. घरातली दारू पोराला दोन गोष्टी शिकवते. एक, ताण आला की हे घ्यायचं असतं. दुसरी, संध्याकाळनंतर घरी काय घडेल याचा भरवसा नसतो. ही दुसरी जास्त घातक. ज्याला रोज रात्री कानोसा घेत झोपायची सवय लागते, त्याचं शरीर दिवसाही सावधच असतं. वर्गात कोणाचा धक्का लागला की त्याला तो हल्ला वाटतो. त्याला आपण ‘तापट’ म्हणतो.

शांत झालेल्या पोरी

पोरांचं बाहेर निघतं म्हणून दिसतं तरी. पोरींचं आत जातं. वयात आल्यानंतर नैराश्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या जवळपास दुप्पट होतं, हे जगभर दिसलेलं आहे, आणि आपल्या गावात ते ओळखू न येण्याचं कारण फार साधं आहे. पोट्टी बोलायची कमी झाली, मैत्रिणींकडे जायची थांबली, घरातच राहायला लागली की आपण म्हणतो, "मोठी झाली, शहाणी झाली." आजाराचं लक्षण इथं गुण म्हणून नावाजलं जातं.

तिच्या वाट्याची जोखीम वेगळी असते. पाळी आली की घरातल्या सगळ्यांचे डोळे तिच्यावर. एसटी उशिरा आली तरी जाब द्यायचा. कोणा पोरासोबत बोलताना दिसली की शाळा बंद, फोन बंद, आणि स्थळ पाहणं सुरू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लग्नाच्या बोलणीत तिला कोणी विचारत नाही, आणि स्वतःच्या आयुष्यातली एकही गोष्ट आपल्या हातात नाही असं वाटणं ही मनाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट अवस्थांपैकी एक. स्वतःला इजा करून घेणाऱ्या पोरींना पुष्कळदा मरायचं नसतं. असह्य झालेली भावना घटकाभर आवरली जाते, एवढाच त्या इजेचा उपयोग. हा उपयोग कळल्याशिवाय "नाटकं करते" म्हणणं सोपं जातं. पण आधी मरायचं नव्हतं म्हणून पुढचा धोका नाही, असंही समजू नये. इजा केलेली पोर धोक्याच्या उंबऱ्यावर असते.

शहरातली माहितीपत्रकं सांगतात, उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालायला लागली तर लक्ष द्या. आमच्याकडे एप्रिलात पारा ४२ वर जातो आणि शेतात, एसटीत, सायकलवर प्रत्येक पोर हात-तोंड झाकूनच असते. ही खूण इथं फसवी आहे. वर्गात आल्यावर, पंख्याखाली बसूनही जी बाह्या वर करत नाही, तिच्याकडे पाहा.

शाळा, म्हणजे आम्ही

पोराची जोखीम कमी करायची जागा म्हणजे शाळा, असं सगळे म्हणतात. ती वाढवायचीही जागा आहे. एका वर्षी दिवाळीनंतर एक पोरगा महिनाभर आलाच नाही. पटावर मी ‘सतत गैरहजर’ लिहून टाकलं आणि आल्यावर वर्गासमोर विचारलं, "काय पाहुणे, रस्ता चुकले का?" वर्ग हसला. तो आईसोबत कापूस वेचायला जात होता. वेचणी किलोवर असते, दोन हात जास्त तर घरात पैसे जास्त. हे मला तो शाळा सोडून गेल्यावर कळलं. सुताच्या गिरणीत लागला म्हणतात.

शाळेशी नातं तुटणं ही जोखमींमधली मोठी पायरी. नापास होणं, वर्गासमोर अपमान, जातीवरून बोलणं, आठवीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजीतली पुस्तकं हातात येणं, आश्रमशाळेत घरापासून तोडलं जाणं, या सगळ्यांतून पोराला एकच निरोप जातो, की तू इथला नाहीस. देशात २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. निकालाच्या आठवड्यात वर्तमानपत्रं ‘नापास झाल्याने’ असं एका शब्दात कारण छापतात. निकाल ही बहुधा वरची शेवटची काडी असते. खालचा भारा वर्षानुवर्षांचा असतो.

मोबाईलवर मी फार लिहिणार नाही, पालकसभेत दुसरं काही बोललंच जात नाही. एवढंच, की पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा बंदीचा कायदा आला तरी सवय लागलेल्या पोराची सवय कायद्यानं सुटत नाही. आणि रात्री दोनपर्यंत रील पाहणाऱ्या पोराची झोप गेलेली असते. झोप गेली की राग आणि उदासी दोन्ही वाढतात. या वयात झोप मुळातच उशिरा येते, शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. त्यात सकाळची शाळा.

एक दिलाशाची गोष्ट. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडलं की दांडगाई करणारी पोरं दोन प्रकारची असतात. थोडी अशी, की ज्यांचा त्रास तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच सुरू असतो आणि पुढेही राहतो. बाकी बहुतेक जण तेरा-चौदाव्या वर्षी, सोबत्यांच्या नादानं सुरू करतात आणि विशीत आपोआप थांबतात. फक्त मधल्या काळात त्यांचा पाय कुठं अडकू नये: पोलीस केस, व्यसन, अपघात, सुटलेलं शिक्षण. पंधराव्या वर्षी केलेल्या चोरीवर गावानं ‘चोरटा’ नाव ठेवलं तर सुटणारा पाय आपणच अडकवतो.

सापळ्यात किती पतंग?

मग घाबरायचं कधी? पुन्हा कपाशीकडे चला. गंधानं बोंडअळीचे पतंग ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून कोणी फवारत नाही. सलग तीन रात्री, दर सापळ्यात आठ पतंग, ही पातळी कृषी विभाग सांगतो. किशोरवयातही एका दिवसाचा रुसवा, एकदा आपटलेलं दार म्हणजे एक पतंग. पण दोन आठवडे सलग झोप-भूक बिघडलेली, आवडीचा क्रिकेटही नकोसा, मित्र तुटलेले, अभ्यास एकदम घसरलेला, नशा वाढलेली, अशा दोन-चार गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबू नका. पूर्वीच्या त्याच पोराशी तुलना करा, शेजारच्या पोराशी नको. "मी नसलो तं बरं होईन" असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, कधी आधी स्वतःला इजा केलेली असणं, यातलं एकच दिसलं तरी पुरे. तिथं तीन रात्री मोजत बसायचं नाही.

विचारायचं कसं, यावर पालक अडतात. बापाला समोर बसवून बोलायची सवयच नसते. समोर बसवूही नका. ओलित करताना, बैल धुताना, गाडीवर मागे बसवून नेताना बोला. नजरेला नजर नसली की पोरगं बोलतं. "तुले काय कमी केलं आम्ही?" यानं बोलणं संपतं. "लय दिवसाचा गप्प गप्प दिसून राह्यला, काय होऊन राह्यलं सांग, मी रागवत नाही" यानं सुरू होतं. आणि रागवायचं नाही, म्हणजे खरंच नाही. शंका असेल तर जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं डोक्यात ते भरतं अशी भीती असते. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं.

फवारणीच्या औषधाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. या वयात टोकाचा विचार पुष्कळदा घाईचा असतो, तो क्षण टळला की टळतो. म्हणून घातक वस्तू हाताशी नसणं याला मोल आहे. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं बाजारातून काढली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्याच देशात १८० गावांपैकी निम्म्या गावांत औषध ठेवायला घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या. २०१७ मध्ये निकाल आला, फरक दिसला नाही. सरकारनं जहाल औषधं काढणं हाच मोठा उपाय, पेटी त्याची जागा घेत नाही. आपल्या हातात इतकंच, की लागेल तेवढंच आणा आणि उरलेलं घरी साठवू नका. घरात कोणी खचलेलं असेल तर ते औषध त्याच दिवशी घराबाहेर जाऊ द्या.

मदत कुठं, तर दिवसरात्र, मराठीतही, १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे फोनवरच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा, क्रमांक, फुकट आहे. मारहाण, अत्याचार, बालविवाह असेल तर १०९८. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं. पाटी शोधावी लागते, पण विचारा.

तज्ज्ञ तालुक्याला नाही, हे खरं. पण दोन अभ्यास मी स्टाफरूममध्ये चिकटवून ठेवावेत असे आहेत. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम झाला. काही शाळांत तो शिक्षकांनी राबवला, काहींत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी, जे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. समुपदेशकांच्या शाळांत दादागिरी, मारामाऱ्या आणि नैराश्य कमी झालं. शिक्षकांच्या शाळांत काहीच फरक नाही. आम्हा मास्तरांना हे झोंबतं, पण कारण मला समजतं: ज्याच्या हातात गुण आणि छडी आहे त्याला पोरगं मन कशाला दाखवेल? दुसरा अभ्यास आपल्याच अमरावती जिल्ह्यातला, ‘विश्राम’, ३० गावांतला, मोठ्या माणसांवरचा. गावातल्याच माणसांना तयार केल्यावर नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

आणि बिगर-बीटीच्या त्या कडेच्या ओळी, म्हणजे पोराला सांभाळून घेणारी गोष्ट. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, नशा, भांडणं अशा बऱ्याच जोखमी अंगावर असलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं धड, कामसू, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एकतरी मोठं माणूस टिकून होतं. कोणाची आजी, कोणाचा मामा, कोणाचे मास्तर.

नववीतल्या त्या पोराला मी पर्जन्यमापकाचं काम दिलंय. साडेआठला नोंद घ्यायची असते, म्हणून तो सव्वाआठला येतो. खर्रा सुटलेला नाही. वहीजवळ येण्याआधी कुंपणापाशी जाऊन थुंकतो, नळावर चूळ भरतो, हात चड्डीला पुसतो. मग मापात डोळे बारीक करून पाहतो.

"किती रे?"

"तेवीस जी सर. मोरगावच्या अंगानं जास्त झाला म्हणते, आपल्याइकडे तेवीसच."

"लिही."

तो पेन्सिलीनं लिहितो, आकडा गिरवतो, आणि खाली सही करतो. सही करायला मी सांगितलेलं नव्हतं.